मनगट जोडताना खुब्याचाही विचार करा: अस्थिरोगतज्ज्ञांना खुलं पत्र

आदरणीय डॉक्टर,

खुब्याचं ऑपरेशन झालेल्या पेशंटला पहिल्यांदा उभं करायचं असतं, तेव्हा मी पायाच्या आधी हातांकडे बघते. वॉकरवर भार द्यायचा तर मनगटात जोर लागतो. दोन्ही हात वॉकरच्या दांडीवर आले की पुष्कळदा त्यातलं एक मनगट वेगळं दिसतं. पंजाच्या मागे उंचवटा, अंगठ्याच्या बाजूला किंचित झुकाव, जेवणाचा काटा पालथा ठेवल्यावर दिसतो तसा बाक. मी विचारते, "हे कधीचं?" उत्तर ठरलेलं असतं. "ते होय, त्याला झाली तीन वर्षं. तोल गेला आणि हात टेकला. दीड महिना प्लास्टर होतं. आता काही त्रास नाही त्याचा."

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि हे उत्तर बावीस वर्षं ऐकते आहे. हाडं जोडणाऱ्या तुम्हा सर्व डॉक्टरांना आणि रुग्णालयं चालवणाऱ्यांना हे पत्र लिहिण्याचं कारण त्याच उत्तरात आहे. त्या तीन वर्षांत मनगट जुळलं, प्लास्टर निघालं, बोटं पूर्ण मिटायला लागली. पण ते मुळात मोडलं का, हे त्या पेशंटना कोणीही सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही, कारण त्यांच्या लेखी कारण माहीत होतं. पाय घसरला म्हणून मोडलं.

पाय घसरला म्हणून माणूस पडतो. हाड मोडायला आणखी काहीतरी लागतं. उभ्या उंचीवरून किंवा त्याहून खालून, म्हणजे खुर्चीतून किंवा पलंगावरून पडून पन्नाशीनंतरच्या माणसाचं मनगट, खांदा, मणका किंवा खुबा मोडला, तर ते हाड ठिसूळ झालेलं असण्याची शक्यता धरूनच पुढचं पाऊल टाकायला हवं. तुम्ही हे माझ्याहून कितीतरी चांगलं जाणता. एकदा असं हाड मोडलेल्या माणसाला पुढे दुसरं हाड मोडण्याचा धोका जवळजवळ दुप्पट असतो. तो पुढच्या आयुष्यभर सारखा पसरलेलाही नसतो, पहिल्या दोन वर्षांत तो सर्वांत जास्त असतो. खुबा मोडून आलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांचं आधी कुठलं ना कुठलं हाड मोडलेलं असतं. म्हणजे खुब्याच्या निम्म्या पेशंटना वैद्यकीय व्यवस्थेने आधी एकदा पाहिलेलं असतं, एक्स-रे काढलेला असतो, प्लास्टर घातलेलं असतं आणि घरी सोडलेलं असतं.

खुबा मोडणं म्हणजे काय, हे वॉर्डात रोज दिसतं. पहिल्या वर्षात पाचातला निदान एक जण दगावतो. जे वाचतात त्यांतल्या बऱ्याच जणांना आधीसारखं चालणं परत मिळत नाही. ऑपरेशन उत्तम झालेलं असतं, रॉड जागच्या जागी असतो, एक्स-रे बघून समाधान वाटावं असा असतो, आणि तरी ते आजोबा पुन्हा एकट्याने जिना उतरत नाहीत. हे सगळं मनगटाच्या त्या दीड महिन्यात अडवता आलं असतं, असा माझा दावा नाही. त्यातलं बरंचसं अडवता आलं असतं, एवढं मात्र मी ठामपणे म्हणते.

आता माझ्या घरातली गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय तुम्हाला काही मागण्याचा मला अधिकार नाही.

माझी आई सदुसष्ट वर्षांची असताना पलंगावरून उठताना चादरीत पाय अडकून पडली. उजवं मनगट मोडलं. डॉक्टरांनी हाड बसवलं, प्लास्टर घातलं, सहा आठवड्यांनी काढलं. काम चोख होतं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. प्लास्टर काढल्यावर तिचा हात मी ताब्यात घेतला. आखडलेली बोटं, सुजलेला पंजा, कोरडी पडलेली त्वचा. रोज सकाळी कोमट पाण्यात हात बुडवायचा आणि मग मनगट वर, खाली, तळवा उताणा, तळवा पालथा. तीन महिन्यांत तिच्या मनगटाची हालचाल दुसऱ्या हाताइतकी झाली. मला त्याचा केवढा अभिमान वाटला होता! ती बरणीचं झाकण स्वतः उघडायला लागली त्या दिवशी मी भावंडांना फोन करून सांगितलं.

त्या तीन महिन्यांत मी, याच विषयात काम करणारी तिची मुलगी, तिला एकदाही विचारलं नाही की आई, तुझी उंची कमी झाली आहे का. तिची पाळी बेचाळिसाव्या वर्षीच थांबली होती, हे मला माहीत होतं. दम्यासाठी तिने कित्येक महिने स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या होत्या, त्या गोळ्या आणून देणारी मीच होते. तिच्या आईचा खुबा मोडला होता. लवकर आलेली रजोनिवृत्ती, स्टिरॉइड, आईचा मोडलेला खुबा आणि आता स्वतःचं मनगट. परीक्षेत असा पेशंट आला असता तर मी डोळे मिटून उत्तर लिहिलं असतं. घरात तो समोर बसलेला असताना मला दिसलं फक्त एक मनगट.

एकोणीस महिन्यांनी ती पुन्हा पडली. या वेळी कुशीवर.

ऑपरेशननंतर तिची जुनी फाइल काढली तेव्हा मनगटाच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड हाती लागलं. निदान, प्लास्टरची तारीख, वेदनाशामक गोळी, कॅल्शियमची गोळी एक महिना, बोटांची हालचाल चालू ठेवा, सहा आठवड्यांनी दाखवा. खाली अर्धं पान कोरं होतं. मी ते कार्ड किती तरी वेळ हातात धरून बसले होते. त्यात चुकीचं काहीच लिहिलेलं नव्हतं.

त्या कोऱ्या अर्ध्या पानावर एक ओळ हवी होती, आणि माझी तुमच्याकडे मागणी तेवढीच आहे. पन्नाशीच्या पुढच्या ज्या पेशंटचं हाड साध्या पडण्याने मोडलं आहे, त्याच्या डिस्चार्ज कार्डावर लिहा: "हे हाड ठिसूळपणामुळे मोडलेलं असू शकतं. हाडांची तपासणी आणि पुढचे उपचार यांसाठी अमुक तारखेला अमुक ठिकाणी जावे." तारीख आणि ठिकाण यांशिवाय ती ओळ लिहू नका. "फिजिशियनना दाखवा" एवढं लिहिलेला कागद फाइलीत जातो आणि तिथेच राहतो.

मला ठाऊक आहे की यात आळस किंवा बेफिकिरी नाही. ओपीडीत एका पेशंटला किती मिनिटं मिळतात हे मी शेजारच्या खोलीतून बघते. तुमचं म्हणणं असतं की आमचं काम हाड जोडणं, औषधांचं फिजिशियन बघतील. फिजिशियनना वाटतं, हाडाचा विषय आहे, हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलंच असेल. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाणं बाईंनी पाळी थांबल्यावरच सोडलेलं असतं. आणि आम्ही फिजिओथेरपिस्ट सांध्याचे अंश मोजत बसतो. चौघांच्या मध्ये पेशंट उभा असतो आणि प्रत्येकाला वाटतं की तो दुसऱ्याच्या हातात आहे.

या चौघांच्या मधली जागा भरायची कशी, हे शोधून झालेलं आहे. १९९९ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात रुग्णालयांनी हे काम एका प्रशिक्षित परिचारिकेकडे सोपवलं. 'फ्रॅक्चर लिएझन सर्व्हिस' या नावाने ती पद्धत पुढे अनेक देशांत गेली. ऑस्टिओपोरोसिस म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. त्यावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय ऑस्टिओपोरोसिस फाउंडेशनने २०१२ मध्ये तिच्या प्रसारासाठी जगभर मोहीम सुरू केली. नाव मोठं असलं तरी काम अगदी सरळ आहे. एक व्यक्ती नेमायची. तिने रोज प्लास्टर रूमचं आणि वॉर्डाचं रजिस्टर उघडायचं, पन्नाशीच्या पुढची साध्या पडण्याने झालेली फ्रॅक्चर शोधायची, त्या पेशंटची तपासणी ठरवायची, निकाल डॉक्टरांपुढे ठेवायचा, उपचार सुरू झाले का ते बघायचं, आणि चार महिन्यांनी फोन करून विचारायचं की गोळी चालू आहे ना. सर्जनचा वेळ यात जवळजवळ जात नाही. रुग्णालय चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे की एक पगार या कामासाठी बाजूला काढा. पूर्ण वेळ जमत नसेल तर आठवड्यातले दोन दिवस. एक रजिस्टर, एक फोन आणि जबाबदार असं एक माणूस, एवढ्यावर सुरुवात होते.

प्लास्टरचा काळ यासाठी सर्वांत चांगला असतो, हे अनुभवाने सांगते. एरवी साठीच्या माणसाला हाडांच्या घनतेबद्दल सांगायला जावं तर ते कानाआड करतात. हात गळ्यात बांधलेला असताना, केस विंचरायलाही दुसऱ्याला हाक मारावी लागत असताना, तोच माणूस प्रत्येक शब्द ऐकतो. प्लास्टर निघून महिना झाला की पुन्हा ऐकेनासा होतो.

तपासणीबद्दल मी तुम्हाला काय सांगावं? पण हे पत्र पेशंटचे नातेवाईकही वाचतील, म्हणून थोडं लिहिते. डेक्सा ही हाडांची घनता मोजणारी तपासणी काही मिनिटांची असते, दुखत नाही आणि तिच्यातला किरणोत्सर्ग अगदी कमी असतो. तिच्यातून येणारा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडाशी तुलना करून काढलेला आकडा, उणे अडीच किंवा त्याखाली असेल तर त्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणायचं, ही व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने १९९४ मध्ये ठरवली. इथे एक मोठा गैरसमज होतो. रिपोर्टवर उणे दोन आलं की घरी सुटकेचा श्वास सोडतात: "ऑस्टिओपोरोसिस नाही, नुसती सुरुवात आहे." पण फ्रॅक्चर होणाऱ्या पुष्कळ लोकांचा आकडा उणे अडीचपर्यंत पोचलेलाच नसतो. हाडाची ताकद नुसत्या घनतेत नसते, त्याच्या आतल्या जाळीच्या विणीतही असते, आणि ती वीण या आकड्यात पुरती दिसत नाही. साध्या पडण्याने खुबा किंवा मणका मोडला असेल तर ते मोडलेलं हाड हाच ठिसूळपणाचा पुरावा. वय, आईवडिलांचा खुबा, स्टिरॉइड, धूम्रपान, आधीचं फ्रॅक्चर हे सगळं धरून पुढच्या दहा वर्षांचा धोका सांगणारं फ्रॅक्स हे साधन शेफील्ड विद्यापीठाने २००८ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. त्यातले प्रश्न भरायला दोन-तीन मिनिटं लागतात. शिवाय रक्ततपासणीत कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, मूत्रपिंडाचं काम, थायरॉइड बघायला हवं, कारण ठिसूळपणाच्या मागे कधी दुसराच आजार दडलेला असतो.

मणक्याबद्दल मात्र जरा सविस्तर बोलायचं आहे. मनगट मोडलं तर माणूस निदान रुग्णालयात येतो. मणका बहुतेक वेळा आवाज न करता दबतो. मणक्याच्या अशा फ्रॅक्चरपैकी साधारण दोन तृतीयांश कुणाच्या लक्षातच येत नाहीत. वाकून बादली उचलताना किंवा जोरात शिंकताना पाठीत कळ येते, आठवडाभर शेक-मलम होतं, दुखणं ओसरतं. पुढे कधी तरी कपडे पुढून लांब आणि मागून आखूड वाटायला लागतात, वरच्या फळीला हात पुरेनासा होतो, पोट पुढे आल्यासारखं दिसतं, आणि घरातले म्हणतात, "वयाने वाकली." नुसत्या वयाने सगळे वाकत नाहीत, डॉक्टर. पुष्कळदा दबलेल्या मणक्यांनी वाकतात. एक मणका दबलेल्या बाईंमध्ये पाचातल्या एकीचा दुसरा मणका वर्षाच्या आत दबतो. तरुणपणच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटर कमी झाली असेल तर पाठीचा एक्स-रे काढायलाच हवा. माझ्या खोलीच्या भिंतीवर उंची मोजायची पट्टी आहे. तुमच्या ओपीडीत वजनकाटा असतो, त्याच्या शेजारी एक पट्टी लावायला काय हरकत आहे? आणि रेडिओलॉजिस्ट मंडळींनाही हात जोडून सांगणं आहे. खोकल्यासाठी काढलेल्या छातीच्या एक्स-रेत दबलेला मणका दिसत असतो आणि रिपोर्टमध्ये फुप्फुसं ठीक एवढंच लिहिलेलं असतं. मणक्याचं एक वाक्य लिहा. ते वाक्य वाचून कोणाचा तरी पुढचा मणका वाचेल.

ठिसूळपणावरच्या औषधांच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त भीती दिसते ती पेशंटच्या मनात नाही, डॉक्टरांच्या मनात. या औषधांनी जबड्याचं हाड खराब होतं, मांडीचं हाड विचित्र मोडतं, या दोन गोष्टी सगळ्यांनी ऐकलेल्या असतात. त्या खऱ्या आहेत आणि क्वचित होतात. म्हणून औषध सुरू करण्याआधी दात दाखवून घ्यावेत, आणि मांडीत किंवा जांघेत नवीन दुखणं सुरू झालं तर लगेच कळवायला पेशंटला सांगावं. काही वर्षांनी औषध थांबवायचं का, याचा आढावा घ्यावा. पण या भीतीपायी ज्याचा मणका आधीच दबलेला आहे त्याला काहीच न देणं म्हणजे दूरच्या ठिणगीला घाबरून घरात लागलेली आग विझवायची राहू देणं. मणक्याचं फ्रॅक्चर आधीच असलेल्या बायकांवर अ‍ॅलेंड्रोनेट या गोळीचा मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष १९९६ मध्ये आले. मणक्याची नवी फ्रॅक्चर आणि खुब्याची फ्रॅक्चर, दोन्ही जवळजवळ निम्म्यावर आली. खुब्याच्या ऑपरेशननंतर नव्वद दिवसांच्या आत पहिल्यांदा आणि पुढे वर्षातून एकदा शिरेतून झोलेड्रोनिक अ‍ॅसिड हे औषध देण्याचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. नवी फ्रॅक्चर ३५ टक्क्यांनी कमी झाली, आणि मृत्यू २८ टक्क्यांनी. हाड जुळायला उशीर होईल ही शंकाही त्याच अभ्यासात तपासली गेली, तसा उशीर दिसला नाही. ज्या रुग्णालयात खुबा दुरुस्त होतो, तिथूनच हे औषध ठरवून पेशंट घरी जायला काय हरकत आहे, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

गोळी लिहिली की काम संपत नाही, हेही खरं. वर्षभरात निम्म्याच्या आसपास लोक ती सोडून देतात. उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, हे नियम कोणी नीट समजावलेले नसतात. मग छातीत जळजळतं आणि डबी कपाटात मागे जाते. आणखी वाईट म्हणजे, औषधाने काही जाणवत नाही. दुखणं कमी होत नाही, अंगात जोर येत नाही. जे मोडलं नाही ते दिसत नाही. दर सहा महिन्यांनी घ्यायच्या डेनोसुमॅब इंजेक्शनबद्दल तर पेशंटला बजावूनच सांगायला हवं की ते मनाने थांबवायचं नाही. ते मध्येच बंद केलं आणि त्याजागी दुसरं औषध घेतलं नाही, तर घनता भराभर उतरते आणि एकामागून एक मणके दबू शकतात. माझ्याकडे अशा एक बाई आल्या होत्या. पाठ टेकवत नव्हती त्यांना. "बरं वाटत होतं म्हणून थांबवलं," म्हणाल्या.

कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळीवर सगळा भरवसा टाकण्याची सवयही सुटायला हवी. जे कमी पडतं ते भरून काढलंच पाहिजे. उतारवयात रोज हजार ते बाराशे मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, शक्यतो आहारातून. ड जीवनसत्त्वाची कमतरता भरून काढल्याशिवाय बाकीची औषधंही नीट लागू पडत नाहीत. पण ज्यांना कमतरता नाही त्यांना नुसत्या ड जीवनसत्त्वाने संरक्षण मिळत नाही. अमेरिकेत पंचवीस हजारांहून जास्त लोकांना रोज दोन हजार युनिट किंवा त्यासारखीच दिसणारी निष्प्रभ गोळी देऊन पाहिली. २०२२ मध्ये आलेल्या निष्कर्षांत फ्रॅक्चरमध्ये फरक नव्हता. ऑस्ट्रेलियात वयस्कर बायकांना वर्षातून एकदा पाच लाख युनिटचा एकच मोठा डोस दिला, तेव्हा पडणं आणि मोडणं दोन्ही वाढलं. प्रथिनांकडे मात्र कोणाचंच लक्ष नसतं. भूक कमी झालेली वयस्कर माणसं जेवणाच्या नावाखाली चार घास खातात, आणि मग हाडं धरून ठेवणारे स्नायूच वितळतात.

इथून पुढचा भाग माझ्या कामाचा आहे, आणि इथे माझी तुमच्यावर थोडी नाराजी आहे. डिस्चार्जच्या वेळी तुम्ही म्हणता, "आता जपून राहा." ते शब्द घरी जाऊन फार मोठे होतात. जपून म्हणजे उठायचं नाही. जपून म्हणजे मुलाने हात धरल्याशिवाय चालायचं नाही, जिन्याकडे फिरकायचं नाही. सहा महिन्यांत मांड्या बारीक होतात, तोल आणखी जातो, आणि ज्या पडण्याला घाबरून माणूस बसून राहिला ते पडणं जवळ येतं. हाडही बसून राहिलं की विरळ होतं. भार पडेल तसं ते घडतं, हे ज्युलियस वोल्फ या जर्मन शल्यचिकित्सकाने १८९२ मध्येच मांडून ठेवलं आहे.

पासष्टीच्या पुढच्या तीन माणसांपैकी एक जण वर्षातून एकदा तरी पडतो. व्यायामाने हे पडणं साधारण पावपट कमी होतं, अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला हा निष्कर्ष आहे. पण कुठला व्यायाम? नुसतं चालणं त्याला पुरत नाही. तोलाचा आणि ताकदीचा व्यायाम लागतो, आठवड्याला तीनेक तास, आणि तो चालू राहायला लागतो. मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट करून घेते. भिंतीला टेकवलेली, न हलणारी खुर्ची. हात छातीवर दुमडायचे, पाय थोडे मागे घ्यायचे, नाक गुडघ्यांच्या पुढे येईल इतकं धड पुढे झुकवायचं आणि उठायचं. खाली बसताना धपकन बसायचं नाही, चार आकडे मोजत बसायचं. ज्यांना हाताशिवाय एकदाही उठता येत नाही त्यांना आम्ही आधी खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवून देतो. दर आठवड्याला उशी पातळ होत जाते. ज्या दिवशी उशी निघते त्या दिवशी माणसाच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. पुढे खुर्चीची पाठ धरून एका पायावर उभं राहणं, एका पावलाच्या पुढे दुसरं पाऊल चिकटवून रेषेवर चालणं. मणका दबलेला असेल तर पुढे वाकून करायचे व्यायाम टाळायचे. म्हणून तर मला आधी कळायला हवं की मणका दबलेला आहे की नाही. तुमच्या चिठ्ठीत ते लिहिलेलं नसतं.

घरातल्या गोष्टी सगळ्यांना माहीत आहेत, तरी होत नाहीत: सरकणारी पायपुसणी, जमिनीवरून गेलेल्या वायरी, रात्री पलंगापासून बाथरूमपर्यंतचा अंधार, ढिल्या सपाता, बाथरूममध्ये धरायला दांडी नसणं. त्याहून कमी लक्षात येतात त्या औषधांच्या पट्ट्या. झोपेची गोळी, रक्तदाबाच्या दोन गोळ्या, लघवीची एक. पहाटे माणूस ताडकन उठतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाब एकदा आडवं असताना आणि मग उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत मोजून बघा. वरचा आकडा वीसने उतरत असेल तर पडण्याचं कारण तुम्हाला सापडलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन "पिकू द्या" म्हणून लांबवू नका. सत्तरीच्या पुढच्या बायकांच्या एका ब्रिटिश अभ्यासात पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन लवकर केल्याने पडणं एक तृतीयांशाने कमी झालं होतं. आणि दुहेरी भिंगाचा चष्मा लावून जिना उतरताना पायरी धूसर दिसते, हे चष्मा देणाऱ्याने सांगायला हवं.

पुरुषांबद्दल मी फार लिहिलं नाही, आणि व्यवहारातही नेमकं तेच होतं. ऑस्टिओपोरोसिस बायकांचा, असं धरून चालल्यामुळे पुरुषांची तपासणी आणखीच कमी होते. खुबा मोडल्यानंतर दगावण्याचं प्रमाण मात्र पुरुषांमध्ये जास्त आहे.

आईचं पुढे काय झालं ते सांगते. खुब्याच्या ऑपरेशननंतर तिचा पाठीचा एक्स-रे काढला तेव्हा दोन मणके दबलेले निघाले, कधीचे ते कोणालाच सांगता आलं नाही. शिरेतून द्यायचं औषध सुरू झालं. पहिल्या डोसनंतर तिला दोन दिवस ताप आला, अंग मोडून आलं, तसं होऊ शकतं हे आधी सांगितलेलं असल्यामुळे ती घाबरली नाही. दुसरा डोस पुढच्या महिन्यात आहे. ती काठी घेऊन चालते. खुर्चीतून हात न लावता उठते, सलग आठ वेळा, नवव्या वेळी माझ्याकडे बघते. पूर्वी ती एकटी संध्याकाळी फिरून यायची, ते आता होत नाही.

तेव्हापासून मनगटाचा कुठलाही पेशंट माझ्याकडे आला की मी हालचालीचे अंश मोजण्याआधी त्याची उंची मोजते, कसे पडलात ते विचारते, आणि आईवडिलांपैकी कोणाचा खुबा मोडला होता का ते विचारते. मग एका चिठ्ठीवर चार ओळी लिहून ती तुमच्याकडे परत पाठवते. काही डॉक्टरांनी त्यावर तपासणी सुरू केली. काहींना ते आवडलेलं नाही, मर्यादा ओलांडली असं त्यांना वाटलं, हे माझ्यापर्यंत पोचलं आहे. चिठ्ठ्या मी लिहीतच राहणार आहे. डिस्चार्ज कार्डावर ती एक ओळ तुम्हीच लिहायला लागलात तर मला त्या लिहाव्या लागणार नाहीत.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट